चोवीस तासांचा निळा बर्फ

अडतीस वर्षं मी बर्फ बनवला. थोडाथोडका नव्हे. माझ्या हातून निघालेल्या लाद्या एकावर एक रचल्या असत्या, तर चंद्राला पडसं झालं असतं. एकदा तर एक लादी इतकी स्वच्छ निघाली की तीन दिवस आम्हाला ती सापडलीच नाही. कारखान्याच्या मधोमध उभी होती, पण दिसेल तर शपथ! चौथ्या दिवशी मांजर पळता पळता हवेतच आपटलं, तेव्हा पत्ता लागला. तीन दिवसांत ती वितळली कशी नाही, असं विचारणारे लोक असतात. अशांना मी गोष्टी सांगत नाही.

तर असा मी. आणि पृथ्वीच्या पार तळाशी बर्फ बघायला निघालं कोण? माझा साडू. जन्मभर गाद्या विकलेला माणूस!

रविवारी संध्याकाळी आम्ही त्याच्या बैठकीत जमायचो. साडू, त्याची बायको थोरली, माझी बायको म्हणजे तिची धाकटी बहीण, शेजारचा चष्मेवाला आणि मी. बोलायचं काम माझ्याकडे होतं, बाकीच्यांना कान होते. खिडकीजवळची वेताची खुर्ची माझी. त्या खुर्चीतून मी असा एकही रविवार रिकामा जाऊ दिला नाही की ज्या दिवशी कुणाचा तरी चहा हसून हसून नाकात गेला नाही. पण साडूनं दुकान विकलं, आणि पुढच्याच रविवारी एक जाड, गुळगुळीत पुस्तिका टेबलावर ठेवली.

"आम्ही दोघं चाललो," तो म्हणाला. "जहाजानं. एकदम खालच्या ध्रुवाकडे. पेंग्विन, सील, देवमासे. आणि बर्फच बर्फ."

"बर्फ?" मी म्हणालो. "एवढ्यासाठी एवढ्या लांब? मला सांगायचंत, पाटीभर पाठवून दिला असता."

"थंडोबा," साडू मला कायम याच नावानं हाक मारतो, "तुमचा बर्फ मासळीवर टाकायचा. हा बघायचा."

चष्मेवाला हसला. थोरली हसली. त्याचं मला काही नाही, हसण्यासाठीच तर मी ही माणसं जवळ ठेवली आहेत. पण धाकटी हसली नाही. तिनं पुस्तिका मांडीवर ओढली, एका चित्रावर बोट ठेवलं, आणि ते बोट काही केल्या तिथून उठेना.

"केवढा हा बर्फ!" ती म्हणाली.

माझ्या काळजात सुरी फिरली. का, ते सांगतो, आणि ही थाप नाही. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. कारखाना घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आणि या बाईनं एकदाही त्यात पाऊल टाकलं नव्हतं. डबा धाडायची, थंडी बाधू नये म्हणून स्वेटर विणायची, निरोप पाठवायची. पण स्वतः कधी आली नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी म्हणून पाहिलं, "एकदा ये की बघायला." ती म्हणायची, "येईन, येईन." मग मी म्हणणं सोडलं. माणसाला काही मान असतो. पण टाकीतून लादी वर आली, तिच्यावरून पाणी निथळलं आणि ती आरशासारखी चमकली की दर वेळी वाटायचं, हिनं एकदा बघावं. एकदाच. आणि म्हणावं, "केवढा हा बर्फ!"

ते तिनं म्हटलं. साडूच्या पुस्तिकेला.

आता, मी साडूचं वाईट चिंतलं असं कुणी म्हणू नये. मी फक्त त्याच्या तिकिटाचं वाईट चिंतलं. निघायला बारा दिवस उरले असताना त्यानं गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. बर्फावर घसरू नये म्हणून ते घालून घरातच सराव सुरू केला. पहिल्या दिवशी बैठक, दुसऱ्या दिवशी जिना, तिसऱ्या दिवशी न्हाणीघर. न्हाणीघरात साबण होता. ज्यानं अख्ख्या गावाला मऊ विकलं, तो स्वतः कडक फरशीवर आपटला. पाय दोन ठिकाणी मोडला.

मी धावत गेलो. चेहरा दुःखी करून गेलो, आणि वाटेत दोन दुकानांच्या काचेत तो नीट बसलाय की नाही हेही बघून घेतलं.

साडू पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये, डोळे छताला. थोरली रडत होती. "माझं राहू दे," साडू म्हणाला, "पण तू जा. एक तिकीट वाया जायला नको. सोबतीला आपल्यातलंच कुणीतरी ने." आणि त्यानं खोलीभर नजर फिरवली.

मी सदरा सारखा केला. घसा खाकरला. बर्फाचा जाणकार या घरात दुसरा होता कोण?

"पण खोली दोघांत एकच आहे," थोरली म्हणाली.

माझा सदरा पुन्हा चुरगळला. मेव्हणीबरोबर एका खोलीत एकोणीस दिवस! छे!

"धाकटे, तू चल," थोरली म्हणाली.

"येते," धाकटी म्हणाली. एका श्वासात! मला लग्नाला हो म्हणायला याच बाईनं अडीच महिने घेतले होते.

त्या गेल्या. मागे राहिलो आम्ही दोन साडू. एकाचा पाय अधांतरी टांगलेला आणि दोघांचे जीव निखाऱ्यावर. रोज दुपारी मी त्याच्याकडे जायचो. तो तीन गाद्यांवर पडून पुस्तिका चाळायचा. "आज त्या देवमाशांच्या खाडीत असतील," तो म्हणायचा. "आज पेंग्विनच्या बेटावर." मी त्याच्या बायकोचा हेवा करावा की माझ्या, हेच मला समजेना, म्हणून दोघींचा केला. कुणाचा हेवा कमी पडायला नको.

एवढ्या दिवसांत एकदाच फोन आला. घरघर, खरखर, आणि त्यातून धाकटीचा आवाज, "अहो, ऐकू येतंय का? इथे इतका बर्फ आहे, इतका बर्फ..."

"आमच्याकडेही आहे," मी म्हणालो.

फोन कटला. मी आपटला असं साडू म्हणतो. तो गाद्या विकणारा माणूस, त्याला आवाजातलं काय कळतं?

विसाव्या दिवशी धाकटी परत आली. गालांची सालं निघालेली, नाक लाल, आणि चाल अशी की खालची जमीन केव्हाही कलंडेल. घरी आल्या आल्या तिनं चपला धुतल्या. "तिथे बोटीत चढता-उतरताना बूट धुवायचे असतात," ती म्हणाली, "एका बेटाची माती दुसऱ्या बेटावर जायला नको." कारखान्याचा चिखल मी अडतीस वर्षं घरात आणला, आणि पायातलं का धुवायचं हे तिनं मला तेव्हा सांगितलं! मी म्हटलं, बाकीचं सांग. तर म्हणते, "रविवारी सगळ्यांसमोर सांगेन. एकदाच सांगायला बरं पडतं."

म्हणजे मी 'सगळे' झालो.

रविवारी ती माझ्या वेताच्या खुर्चीत बसली. मुद्दाम नव्हे. मोकळी तेवढीच होती, कारण मी रुसून खिडकीपाशी उभा होतो. आणि तिनं तोंड उघडलं. ज्या बाईचं दिवसभराचं बोलणं वाण्याच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मावेल, ती बोलायला लागली ते चहा दोनदा गार होईपर्यंत.

"पहिले दोन दिवस समुद्र असा की ताई बादलीशी बोलत होती आणि मी ताईशी," ती म्हणाली. थोरलीनं कपाळावर हात मारला. "तिसऱ्या दिवशी रबरी होडीतून निघालो. एक देवमासा अगदी शेजारी वर आला आणि त्यानं श्वास सोडला. तो वास! सडक्या मासळीचा. मी डोळे मिटले आणि म्हटलं, आले वाटतं हे कामावरून."

चष्मेवाल्याचा चहा नाकात गेला. माझ्या खुर्चीतून, माझ्याच जिवावर, माझाच चहा!

"आणि सील म्हणजे अगदी तुम्ही, भावोजी," ती साडूला म्हणाली. "पडलेला असतो. एक डोळा उघडतो, बघतो, काही कामाचं नाही असं ठरवतो, मिटतो."

"माझा पाय मोडलाय," साडू म्हणाला.

"त्याचा मोडलेला नव्हता, तरी तसाच. आणि पेंग्विन! काय चोर जात आहे. घरटं खड्यांचं. एक पेंग्विन शेजारणीची मान वळली की तिचा खडा उचलतो आणि ऐटीत आपल्या घरी आणतो. तेवढ्यात त्याचा खडा दुसऱ्यानं नेलेला असतो. दिवसभर सगळे चोरतात, आणि बेटावरचे खडे तेवढेच."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण माझे दात एकमेकांवर गच्च बसले होते. ही सांगायची कला हिला शिकवली कुणी? कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुणाला चिमटा काढायचा? एकेचाळीस वर्षं समोर बसून, विणकामातून मान वर न काढता, या बाईनं माझा सगळा माल उचलला होता.

मग तिनं फोटो फिरवले. एका फोटोत ती होडीत उतरतेय, आणि लाल दाढीचा एक धिप्पाड माणूस तिचं मनगट धरून उभा.

"हा कोण?" मी खिडकीजवळूनच विचारलं.

"लालदाढी. आमचे वाटाडे. पक्ष्यांचं, बर्फाचं सगळं तेच सांगायचे. होडीत उतरताना हात नाही धरायचा, दोघांनी एकमेकांचं मनगट धरायचं. मग सुटत नाही."

"सुटायची घाई कुणाला होती!" मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"काही नाही. थंडी आहे म्हटलं."

यापुढे प्रत्येक वाक्यात लालदाढी. लालदाढी म्हणाले, हा पक्षी वर्षभर जमिनीवर उतरत नाही. लालदाढी म्हणाले, वारा फिरतोय, चला. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, पण पक्ष्यांपर्यंत मी सहन केलं. पक्षी त्याचे. मग ती बर्फावर आली.

"शेवटून दुसऱ्या दिवशी एक डोंगर दिसला. पाण्यात तरंगणारा." तिचा आवाज खाली आला. "निळा. आकाशासारखा नाही. आत कुणीतरी दिवा लावून विसरून गेल्यासारखा. होडीचं इंजिन बंद केलं. कुणी बोलेना. फोटोसुद्धा कुणी काढेना. नुसतं बघत राहिलो."

आणि ती गप्प बसली. बैठकही गप्प. साडू प्लास्टरसकट गप्प. जन्मभर बोलून मी असंख्य वेळा हशा कमावला, पण अशी शांतता मला एकदाही मिळाली नव्हती.

"लालदाढी म्हणाले," धाकटी हळूच म्हणाली, "बर्फावर बर्फ पडत राहतो. खालचा दबतो, दबतो, आतली हवा पिळून निघते. हजारो वर्षं लागतात. तेव्हा कुठे तो असा निळा होतो."

"हजारो वर्षं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "काय ही दिरंगाई! आमच्या कारखान्यात असा मिस्त्री एक दिवस टिकला नसता. आम्ही चोवीस तासांत काम हातावर ठेवायचो."

हशा पिकला. अहाहा! खिडकीपाशी उभा असूनही मी पुन्हा माझ्या खुर्चीत होतो. अर्धा क्षण.

"निळा?" धाकटीनं विचारलं.

"निळा, हिरवा, म्हणाल तो."

"मग दाखवा."

"काय?"

"निळा बर्फ. चोवीस तासांत. मी बघायला येते."

मी बघायला येते! एकेचाळीस वर्षं ज्या तीन शब्दांची वाट पाहिली ते आले, आणि आले कसे, तर पैजेचे होऊन, साडूच्या बैठकीत, लालदाढीच्या डोंगरावर बसून.

"परवा दुपारी ये," मी म्हणालो. थाप मारणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे कुणीतरी वेळ ठरवणं.

कारखान्यात आता मिस्त्री म्हणून जो आहे, त्याला मीच तयार केला. पन्नाशीचा झाला, केस पिकले, पण मला बघितलं की अजून हातातलं काम ठेवून उभा राहतो. मी त्याला बाजूला घेतलं आणि खिशातून पुडी काढली. कपड्यांना घालतात ती नीळ.

त्यानं पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

इथे थोडं बर्फाचं सांगायला हवं. पाण्याचा पत्र्याचा उभा डबा मिठाच्या थंडगार पाण्याच्या टाकीत सोडतात. पाणी कडेनं गोठायला लागतं आणि हळूहळू आत सरकतं. आणि बर्फ असा मानी असतो की परक्याला आत घेत नाही. माती, मीठ, हवा, रंग, जे काही पाण्यात असेल ते पुढे ढकलत ढकलत मधोमध नेतो. म्हणून आम्ही डब्यात नळी सोडून हवेचे बुडबुडे चालू ठेवतो, पाणी हलतं राहतं आणि बर्फ काचेसारखा येतो. शेवटी मधोमध गढूळ पाण्याचा एक उभा झरा उरतो. तो नळीनं ओढून काढायचा आणि चांगलं पाणी भरायचं. याला आम्ही पोट काढणं म्हणतो. मी अडतीस वर्षं लाद्यांची पोटं काढली. नीळ घातली तर काय होणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

पण मत्सर झाला की माणसाला आपलाच धंदा आठवेनासा होतो. मी विचार केला, हवेची नळीच बंद ठेवू. पाणी निपचित ठेवू आणि झपाट्यानं गोठवू. रंगाला पळायला वेळच मिळणार नाही. बर्फ गढूळ येईल, पण निळा येईल. धाकटीला कुठे कळतंय!

"हवा बंद ठेवायची," मी मिस्त्रीला सांगितलं. "पोट काढायचं नाही. कुणाला बोलायचं नाही."

"हवा बंद?" त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला आईला शिवी द्यायला सांगितली.

"बंद."

"बरं," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी दुपारी धाकटी आली. मी फाटकाशी तासभर आधीपासून उभा होतो. आत फरशी कायम ओली, म्हणून मी हात पुढे केला. तिनं हात सोडून मनगट पकडलं. लालदाढीची शिकवण! पण पकड घट्ट होती, तक्रार करायला मन धजेना.

उंबऱ्यावर ती थांबली. लांबट, अंधारी शेड. जमिनीला लागून टाकी, तिच्यावर लाकडी झाकणं, एका कडेला धडधडणारं यंत्र. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"लहानच आहे," ती म्हणाली.

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. "म्हणून आली नाहीस होय इतकी वर्षं?"

"म्हणूनच." तिनं मनगट सोडलं नव्हतं. "तुम्ही रोज घरी येऊन सांगायचात. टाकी एवढी की पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. थंडी अशी की मिस्त्रीच्या गोठलेल्या मिशीला लोक कंदील टांगतात. मला वाटायचं, जाऊन बघितलं आणि लहान निघालं तर? मग उद्या तुम्ही काय सांगणार, आणि मी काय ऐकणार?"

मला बोलता येईना. ही घटना नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

"मग आज कशी आलीस?"

"मोठं म्हणजे काय असतं ते बघून आले ना. आता लहानाची भीती नाही वाटत."

तेवढ्यात मिस्त्रीनं साखळी ओढली. डबा टाकीतून वर आला, साध्या पाण्यात बुडाला, कलंडला, आणि लादी सुळकन फळीवर उतरली.

मी डोळे मिटले होते. उघडले, आणि वाटलं मिटलेलेच बरे होते.

लादी निळी नव्हती. लादी अशी स्वच्छ होती की पलीकडे ठेवलेल्या डब्यावरचा गंज मोजावा. आणि तिच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, बोटाएवढी जाड एक निळी कांडी. सगळी नीळ तिथे जाऊन बसली होती.

"हवा चालू ठेवलीस?" मी मिस्त्रीवर दात खाल्ले.

तो मान खाली घालून उभा. "साहेब, तुम्ही माझ्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही सांगायचात, एक वेळ जेवण विसरा पण हवा विसरू नका. तुमच्या नावाची लादी, आणि हवा बंद? दोनदा गेलो चावीपाशी. हात धजला नाही. पोट मात्र नाही काढलं. तेवढं ऐकलं."

माणसं नीट शिकवली की अशी उलटतात.

धाकटी लादीभोवती फिरली. वाकली. नाक बर्फाला टेकेपर्यंत वाकली. मला वाटलं, आता हसेल. आता रविवारी बैठकीत सांगेल, आणि मला गाव सोडावं लागेल. ती हसली नाही.

"हे निळं मधेच का?" तिनं विचारलं.

मी थाप शोधली. एरवी दहा तयार असतात, पण त्या दिवशी एक मिळेना. म्हणून जे होतं ते सांगितलं. नीळ घातली होती, हे सांगितलं. बर्फ कडेनं आत कसा येतो, परक्याला कसा ढकलत नेतो, पोट कसं काढायचं, आवाजावरून लादी पिकली की कच्ची कसं ओळखायचं, कोणत्या ऋतूत किती तास. मीठ न लावता, मिरची न लावता. ती एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेलो. टाकी थंड ठेवणारी अमोनियाची नळी कुठली, विचारलं. पहिल्या वर्षी बोट चिरलं ते कुठे, विचारलं. मिस्त्री दोनदा चहा ठेवून गेला. दोनदा गार झाला.

शेवटी तिनं तळहात लादीवर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे जळफळाट कसा पोटात साठतो, तसंच की हे."

"कुणाचा जळफळाट?"

"बर्फाचा हो," ती म्हणाली, आणि मग हसली. अशी हसली की मिस्त्री तिकडून बघायला आला, काय फुटलं म्हणून.

'केवढा हा बर्फ' काही ती म्हणाली नाही. मी वाट पाहिली. फाटकापर्यंत पाहिली. घरापर्यंत पाहिली. पण माझ्या बर्फाशी ती अडीच तास बोलली होती, आणि त्या डोंगरासमोर, तिच्याच सांगण्याप्रमाणे, गप्प बसली होती. हा हिशेब मी गुपचूप मनाशी मांडला आणि लालदाढीला थोडं माफ केलं. थोडंच.

पुढच्या रविवारी मात्र मी लवकर जाऊन खुर्ची धरली. तिनं कारखान्याचं सांगितलं की माझा बाजार उठणार, हे उघड होतं. दोन झाकणांची टाकी, गंजके डबे आणि निळीची कांडी! अडतीस वर्षं फुगवलेला फुगा, आणि टाचणी तिच्या हातात.

"मग?" साडूनं प्लास्टरवर ताल धरत विचारलं. "थंडोबांनी दाखवला का निळा बर्फ?"

"दाखवला," धाकटी म्हणाली.

मी खुर्चीचे हात गच्च धरले.

"पण बर्फाचं नंतर सांगते," ती म्हणाली. "आधी कबुतरांचं सांगते. त्या छपरावर कबुतरं राहतात, पिढ्यान्‌पिढ्या. आत इतकी थंडी, इतकी थंडी, की त्यांना आता उडणं जमत नाही. पंख आखडलेत. लादी टाकीतून वर आली आणि फळीवर उतरली, तशी ती एकामागून एक छपरावरून खाली उतरली, रांग धरली, आणि लादीवर चढून पोटावर घसरायला लागली. एक जाई, दुसरं येई. मधल्या मधे एक कबूतर दुसऱ्याचा खडा चोरत होतं. मी जहाजानं जग पालथं घातलं, पण असं कुठे बघितलं नाही."

साडूचं तोंड उघडं. थोरलीचं तोंड उघडं. चष्मेवाला चष्मा काढून पुसायला लागला आणि मग तोच चष्मा घालून माझ्याकडे वळला.

"खरं का हो हे?"

मी धाकटीकडे बघितलं. तिचं लक्ष विणकामात होतं.

काय सांगू तुम्हाला, मी जळलो! साडूच्या तिकिटासाठी जळलो नसेन, लालदाढीच्या मनगटासाठी जळलो नसेन, इतका जळलो. ती कबुतरं अडतीस वर्षं माझ्या डोक्यावर बसत होती. माझ्या डब्यात त्यांनी काय काय टाकलं, ते माझं मला ठाऊक. आणि इतक्या वर्षांत मला हे सुचलं नाही! ही बाई एका दुपारी आली आणि घेऊन गेली.

सगळे थांबले होते. एक शब्द माझ्याकडून हवा होता.

मी खुर्चीतून उठलो. तिला म्हटलं, "तू इथे बस, उजेडात. टाके चुकतील." आणि मी चष्मेवाल्याशेजारी, बाकावर जाऊन बसलो.

"खरं आहे," मी म्हणालो. "सात होती. एक तर उलटं घसरलं."

"आठ," धाकटी विणता विणता म्हणाली. "मधे बोलू नका."